वाकळीवरची दुरुस्ती

गोरेगाव, ता. सेनगाव
४ नोव्हेंबर

प्रज्ञेश, जय भीम.

तू घर सोडून गेलास याबद्दल माझी काही तक्रार नाही. माणसं घर सोडतात. आबांना बोललास ते बोललास, लग्न केलंस ते केलंस, फोन नंबर बदललास, तेही आपलं ठीक. पण जाताना प्रिंटर इथं ठेवून त्याची वायर घेऊन गेलास, हा अन्याय मी इतकी वर्षं मुकाट सोसला. आज तो लेखी मांडते आहे.

कोणती वायर, असं निरागस तोंड करू नकोस. एका टोकाला चपटी, दुसऱ्या टोकाला चौकोनी, मधे उंदरानं कुरतडलेली आणि तिथं तू काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. लॅपटॉपच्या पिशवीत गेली ती. तिकडे होसूरला तिचा तुला उपयोग काय? प्रिंटरशिवाय वायरीला अर्थ नाही आणि वायरीशिवाय प्रिंटरला. दोन्हीकडे नुसती अडगळ.

नवी वायर बाजारात मिळते, हे मलाही कळतं. पण प्रश्न वायरीचा नाही, तत्त्वाचा आहे. आबांची लेक आहे मी. तत्त्वापायी गैरसोय सोसायची आपल्या घराला सवय आहे. म्हणून भागवतच्या फोटो स्टुडिओतली वायर 'दोन दिवसांत देते' म्हणून आणली, ती अजून इथंच आहे. भागवत भला माणूस, मागत नाही. फक्त मी दुकानासमोरून गेले की विचारतो, "ताई, तब्येत बरी हाय ना? वायर बरी हाय ना?" दोघींची चौकशी एका दमात.

तुझ्या परीक्षेच्या नोट्स छापणारा प्रिंटर आता कापड छापतो. हसू नकोस. मांजरपाट आणायचं, खळ जाईपर्यंत धुवायचं, तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवायचं. मग कागदाच्या मापात कापून स्टिकरच्या चिकट कागदावर चिकटवायचं आणि कडेचे दोरे कातरायचे. एक दोरा राहिला तरी रोलर तो गिळतो आणि पुढचा अर्धा दिवस मी प्रिंटरच्या पोटात हात घालून बसते. फोटो छापून झाला की कापड सोलून घ्यायचं, इस्त्री करायची आणि वाकळीत इतर तुकड्यांसारखं शिवायचं. फोटोवाली वाकळ. बारशाला, लग्नाला, नोकरीतून निवृत्त होणाऱ्या गुरुजींना. वाशिमचा संसार सोडून मी परत आले तेव्हा गावाला माझ्या पोटाची फार काळजी होती. आता गाव माझ्या हातची पांघरूणं घेऊन झोपतं.

मागच्या हिवाळ्यात एका होतकरू उमेदवारानं म्हाताऱ्या माणसांना वाटायला वाकळी करून घेतल्या. प्रत्येकीवर हात जोडलेला त्याचा फोटो. आता साध्या वाकळीला उसं-पायतं नसतं, कुठूनही पांघरा. फोटो आला की वरची बाजू, खालची बाजू आली. लोकांनी वाकळी घेतल्या, आशीर्वाद दिले, आणि गावभर झाडून सगळ्यांनी साहेबांना पायताला घेतलं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. निकालही तसाच लागला.

आबा बरे आहेत. म्हणजे सरकारदप्तरी ते बरे आहेत हे परवाच सिद्ध झालं. नोव्हेंबर लागला की पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तुला आठवत असेल. मशीनवर अंगठा ठेवला, मशीन म्हणालं जुळत नाही. आबांनी अंगठा धुतला, धोतराला पुसला, पुन्हा ठेवला. नाहीच. केंद्रातली बाई म्हणाली, "बाबा, झिजला तुमचा अंगठा." आबा म्हणाले, "बाई, मी ग्रामसेवक व्हतो. आख्ख्या गावाचे जन्म-मृत्यू मी लिव्हले. मी जिता हाय का न्हाई हे मला इचार, त्या डबड्याला काय इचारतेस?" शेवटी डोळा चालला.

तिथून आल्यावर त्यांनी स्वतःसाठी वाकळ सांगितली. आईच्या लुगड्याचं अस्तर, वर घरातल्या चौघांचे फोटो, खाली नावं. चौघांचे म्हणाले. मी ऐकून घेतलं, उलट विचारलं नाही.

तुझा कोणता फोटो घेऊ तेवढं कळव. तुझा पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. आणि वायर पाठव.

ताई

*

गोरेगाव
२१ नोव्हेंबर

प्रज्ञेश, जय भीम.

उत्तर आलं नाही. मी डिग्री घेतानाचा रंगीत फोटो काढून ठेवला आहे, त्यात तू बऱ्यापैकी शहाणा दिसतोस.

मागच्या पत्रात मी थोडं राखून लिहिलं. पत्ता मला तुझ्या सासूबाईंनी दिला. त्यांचं नाव मिराबाई, हे मला ऑर्डर लिहून घेताना कळलं. एकाच तालुक्यातली सोयरी माणसं आपण, आणि ओळख व्हायला वाकळ लागली.

बाजाराच्या दिवशी आल्या. दारातच उभ्या. "फोटूवाली वाकळ तुमीच करता व्हय?" म्हटलं, मीच. ओच्यातून मोबाईल काढला, पुसला आणि माझ्यासमोर धरला. टोपडं घातलेलं लेकरू. "हे छापा मोठं. खाली नाव."

"नाव काय?"

"पद्मजा. पोरगी हाय." मग, "आमच्या तांड्यात न्हाई कोणाचं असं नाव. तुमच्यात हाय का?"

मी म्हटलं, "आमच्या आईचं नाव पद्माबाई होतं."

"मंग ठीक हाय," म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी सगळं प्यायलं. "मी कोणाकडं आले हे मला म्हाईत नव्हतं असं समजू नका बाई. वाकळ सेनगावलाबी भेटते."

घरी त्यांनी सुई-दोरा घ्यायला जाते म्हणून सांगितलं होतं. तुझे सासरे प्रेमसिंग अजून लेकीचं नाव काढू देत नाहीत. तू आपल्या घरात जसा आहेस तशी पुजा त्या घरात. मी नंबर मागितला तर म्हणाल्या, "लेकीनं शपथ घातली, नंबर कोणाला द्यायचा न्हाई." मग त्याच म्हणाल्या, "पत्त्याची शपथ न्हाई घातली तिनं."

तर तुला मुलगी झाली. अभिनंदन. आत्या झाल्याचं मला गिऱ्हाईकाकडून कळलं, हे मी कुठं बोलणार नाही.

ते कापड छापून ओसरीत दोरीवर वाळत घातलं होतं. आबा काठी टेकत आले आणि समोर उभे राहिले.

"हे कोणाचं?"

"गिऱ्हाईकाचं."

"कान पाह्य याचे."

"काय झालं कानाला?"

"काही न्हाई. कान असतात लोकायला." मग खालचं नाव वाचलं. ओठ हलवून, एकेक अक्षर. वाचून झालं तरी उभेच. त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही.

मला वाटलं, आता काहीतरी विरघळेल. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाकळीचा विषय मीच काढला. नावं कशी लिहू? ते म्हणाले, "तुझ्या मायच्या मागं कालकथित. माझ्या आन् तुझ्या मागं नुसतं आयु. लिव्ह, जागा कमी लागंल."

"आन् प्रज्ञेशच्या?"

"कालकथित."

हे मी तुला लिहिणार नव्हते. बाकीचे लोक मेल्या माणसाच्या नावामागं कै. लावतात, आपण कालकथित. जित्या माणसाला आयुष्मानचं आयु. एवढा लहानसा फरक. मी इतक्या जणांच्या वाकळींवर हे दोन्ही शब्द छापले आहेत, कधी हात अडला नाही.

मी म्हटलं, "आबा, तो जिता हाय."

"त्यानं या ओसरीत उभं राहून सांगितलं, तुमच्यापुरता मी मेलो म्हून समजा. मी समजलो. मृत्यूची नोंद माहिती देणाऱ्याच्या सांगण्यावरून व्हते. हितं माहिती देणारा तोच. आजून काय पुरावा पाह्यजे?"

"मयतानं येऊन स्वतःची नोंद दिली, असं तुमच्या नोकरीत कधी झालं?"

"न्हाई," आबा म्हणाले. "ही पहिलीच."

हे तेच आबा, जे चौदा एप्रिलला आंतरजातीय लग्नावर बोलायचे आणि टाळ्या घ्यायचे. तुझ्या लग्नानंतर त्यांनी विषय बदलला. आता ते पाणी वाचवण्यावर बोलतात.

प्रज्ञेश, एक ओळ लिही. त्यांना नको, मला लिही. 'मी आहे' एवढं लिहिलंस तरी मी ते त्यांच्या नाकासमोर धरीन.

ताई

*

गोरेगाव
१२ डिसेंबर

प्रज्ञेश,

तुझी ओळ आली नाही. वाकळ झाली.

वर आई आणि आबा, दोघांचे जुने काळे-पांढरे फोटो. खाली, म्हणजे पायताला, तू आणि मी, रंगीत. तुला पायताला ठेवायला आबांनी सांगितलं, आणि एकटा कसा राहशील म्हणून मी शेजारी आले. उमेदवाराच्या पंक्तीला बसलो आहोत आपण.

तो शब्द मी छापला. रागावू नकोस, आधी ऐक. मी एक कारस्थान केलं आहे. तुझा फोटो आणि नाव छापलं ते कापड तुरटीच्या पाण्यातून दोनदा काढलं. 'कालकथित' ही पट्टी मात्र वेगळ्या, कोऱ्या कापडावर. तुरटी नाही, काही नाही. म्हणजे पहिल्या धुण्यात तो शब्द जाईल आणि तू राहशील. आबा विचारतील तेव्हा म्हणेन, घरच्या छपाईचा काय भरवसा.

गंमत माझ्याच नावात झाली. गडबडीत मी स्वतःचं नाव दीर्घ छापलं, 'आयु. सरीता'. शिवून झाल्यावर आबांना दिसलं. मी म्हटलं, उसवून नवं लावते. "कशाला कापड नासवतेस? नोंद चुकली तर काय करतात?" आणि खिशातला पेन काढला. लहानपणी आपल्या वह्यांवर करायचे ते आठवतं? खोडून काळं करायचं नाही, चूक वाचता आली पाहिजे. तिच्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर शब्द, बाजूला सही. सही नसली तर ती दुरुस्ती नव्हे, खाडाखोड. त्यांनी सरीतावर रेघ मारली, वर 'सरिता' लिहिलं, बाजूला अमृतरावांचा 'अ' काढून खाली टिंब दिलं. आता माझं नाव कार्यालयीनदृष्ट्या निर्दोष आहे.

कारस्थानात एकच अडचण आली. आबा वाकळ धुऊ देत नाहीत. मी दोनदा उचलली, दोनदा हातातून घेतली. "धुतल्यावर हे जातंय म्हणं. भागवत सांगत व्हता." त्या भागवतला वायरीखेरीज दुसरा विषय सुचला तो नेमका हा.

रोज रात्री ती पांघरतात. रोज रात्री तुझ्यावर पाय येऊ नयेत म्हणून गुडघे पोटाशी घेऊन झोपतात. मी पाहिलं आहे. मेल्या माणसाची इतकी काळजी मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिली नाही.

मिराबाईंची वाकळ पोचली का? ती मात्र गरम पाण्यात धुऊ नका म्हणून पुजाला सांग.

ताई

*

गोरेगाव
२ जानेवारी

प्रज्ञेश,

मिराबाईंनी पुजाला सांगितलं आहे, त्यामुळे तुला कळलं असेल. कळलं नसेल असं मी अधूनमधून स्वतःला सांगते, तेव्हा जरा बरं वाटतं.

आबांना अर्धांगवायू झाला. सकाळी दाढी करायला बसले आणि आरसा हातातून पडला. जीप करून हिंगोलीला नेलं. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, जेवढं येईल तेवढं येईल. किती येईल, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मग मी दुसऱ्या शब्दांत तेच विचारलं. त्यांनीही दुसऱ्या शब्दांत तेच सांगितलं.

बोलणं गेलं. म्हणजे सगळं नाही, एक शब्द राहिला आहे: बराबर. चहा पाहिजे का? बराबर. पाय दुखतो का? बराबर. आबा, तुम्हाला आत कळतं का मी काय बोलते ते? बराबर. जन्मभर माझं एक म्हणणं त्यांनी बरोबर धरलं नाही. आता मी म्हणेन ते सगळं बराबर आहे, आणि मला भांडायला माणूस उरला नाही.

आता वाकळीचं.

पहिल्याच आठवड्यात ती भरली. कशानं ते लिहीत नाही, तू समज. त्यांना ते कळत होतं, तोंड भिंतीकडे केलं होतं. मला घाई झाली. तुरटी, थंड पाणी, काही सुचलं नाही. चुलीवरचं उकळतं पाणी ओतलं, धुण्याचा सोडा टाकला आणि घासली.

दोरीवर घातली तेव्हा पाहिलं. आई आहे तशीच. आबा तसेच. आपण दोघं गेलो. तुझ्या जागी पांढरं कापड, माझ्या जागी पांढरं कापड. तुझ्या कापडावर कानाशी थोडं निळं राहिलं आहे, मागच्या पडद्याचं. आणि खाली, अक्षराची कड न तुटता, काळंभोर: कालकथित प्रज्ञेश.

वाकळ तशीच ओली घेऊन मी भागवतकडे गेले. त्याला वाटलं वायर आणली. त्यानं पाहिलं, बोटानं घासून पाहिलं. "ताई, या प्रिंटरची काळी शाई येगळी असते. ती कापडाला धरून बसते, तिला तुरटी लागत न्हाई. रंगाच्या शाया पाण्याच्या." जुने फोटो काळ्या शाईचे म्हणून राहिले. अक्षरं काळी म्हणून राहिली. रंगीत आपण दोघंच होतो.

इतकी वर्षं मी हे काम करते आणि मला हे माहीत नव्हतं. गिऱ्हाईकांना थंड पाणी सांगत आले, त्यांनी ऐकलं, माझं अज्ञान झाकून राहिलं. तुला मरणातून काढायला निघाले आणि चेहरा तेवढा पुसून ठेवला.

उसवून टाकावी ती पट्टी, असं दहादा मनात आलं. पण आबा आता काही बोलू शकत नाहीत, आणि बोलू न शकणाऱ्या माणसाच्या अंगावरचं त्याचं म्हणणं त्याच्या माघारी कसं उसवायचं? सांग तूच.

ये म्हणत नाही. ये म्हणायला मला काही तोंड नाही आणि तुला काही कान नाहीत, आपल्याकडचे असले तरी.

ताई

*

गोरेगाव
२३ जानेवारी

प्रज्ञेश,

हे पत्र उभ्यानं लिहिते आहे, चुलीवर कण्या आहेत. पण हे आजच लिहिलं पाहिजे.

भरवताना कण्या सांडून वाकळीची वरची बाजू कडक झाली होती. म्हणून आज सकाळी मी ती फिरवून घातली. उसं पायताला, पायतं उशाला. म्हणजे आपण दोघं आबांच्या हनुवटीखाली आलो. दुसरा काही विचार त्यात नव्हता, खरंच नव्हता.

मी शेजारी बसून एका बारशाच्या वाकळीची नावं लिहून घेत होते. आबांचा डावा हात हलायला लागला. वाकळीवरून चाचपत तुझ्या कापडावर आला. पांढऱ्या जागेवर फिरला, पुन्हा फिरला, जसं हरवलेलं काही अंथरुणात शोधतात तसा. मग खालच्या अक्षरांवर थांबला. आणि मग त्यांनी हात माझ्याकडे केला.

"पाणी?" "बराबर." पाणी घेतलं नाही. "कूस बदलायची?" "बराबर." कुशीवर करायला गेले तर हात झटकला. "आबा, मला कळत न्हाई हो." "बराबर," म्हणाले, आणि डोळ्यांतून पाणी आलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी पेन खाली ठेवायला गेले तर त्यांची नजर पेनाबरोबर गेली.

मी पेन डाव्या हातात दिला. बोटं मिटवून दिली. कापड ताणून धरलं.

त्यांनी रेघ मारली. तिरपी, कापडावर अडखळत, 'का'वर सुरू झाली आणि 'त'च्या पुढे गेली. पण एकच रेघ, प्रज्ञेश. नियमानं, एकच. खालचं वाचता येतं. मग श्वास घेतला आणि बाजूला 'अ' काढायला लागले. अर्धा 'अ' आणि त्याखाली टिंब. टिंब देताना पेन कापडातून आरपार गेला.

वर शब्द लिहायचा राहिला. हात वर नेला, पेन गळून पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. मी म्हटलं, "आबा, मी लिहू? आयु. लिहू?" त्यांनी तळहात त्या जागेवर पालथा ठेवला. तोंडानं म्हणाले, "बराबर." हातानं म्हणाले, नको. कोणाचं ऐकू?

पण दिवसभर माझ्या डोक्यात एकच चाललं आहे. माहिती देणाऱ्याच्या सांगण्यावरून नोंद होते. त्यांनी त्यांच्याकडची रेघ मारली. वरच्या शब्दाची माहिती त्यांच्याजवळ नाही. माझ्याजवळही नाही. पाच वर्षांत तू आहेस असं तुझ्याकडून कोणी ऐकलं आहे?

जागा रिकामी आहे. मी तिला हात लावणार नाही.

कण्या लागल्या बहुतेक. वास येतो आहे.

ताई

*

गोरेगाव
१६ फेब्रुवारी

प्रज्ञेश,

काल पोस्टमननं पार्सल आणलं. वजनाला काही नाही. आबांसमोरच फोडलं. आत आपली वायर. उंदरानं कुरतडलेली, तुझी काळी पट्टी अजून धरून आहे. कागद झटकून पाहिला, पाकीट उलटं केलं, आत हात फिरवला. चिठ्ठी नव्हती.

मी वायर हातात घेऊन बसले. राग यायला पाहिजे होता, आणि तो येईपर्यंत वेळ होता म्हणून पाकीट घडी घालायला घेतलं. तेव्हा तुझं अक्षर दिसलं. डाव्या कोपऱ्यात, पाठवणाऱ्याच्या जागी.

आयु. प्रज्ञेश अमृतराव.

स्वतःच्या नावामागं आयु. कोणी लावत नाही. दुसऱ्यानं लावायचं असतं ते, तुला आबांनीच शिकवलं आहे. पोस्टातल्या माणसाला तू थोडा शिष्ट वाटला असशील.

मी पाकीट आबांसमोर धरलं. त्यांनी वाचलं. ओठ हलले, एकेक अक्षर, दोरीवरचं नाव वाचलं होतं तसे. "हयातीचा दाखला आलाय, आबा," मी म्हटलं. ते म्हणाले, "बराबर." ते चहालाही बराबर म्हणतात, गोळीलाही म्हणतात. मी त्याचं काय समजायचं ते मला कळत नाही आणि आता कोणाला विचारताही येत नाही. पण पाकीट मी बाजूला ठेवायला गेले तर त्यांनी ते डाव्या हातानं धरलं, सोडलं नाही. झोप लागल्यावर हळूच काढून घेतलं.

मग मी प्रिंटरला आपली वायर लावली. चौकोनी टोक जरा सैल झालं आहे, धरून ठेवावं लागतं. पाकिटावरचा तेवढा शब्द स्कॅन केला आणि मांजरपाटाच्या पट्टीवर छापला. तुझ्याच अक्षरातला 'आयु.', काळ्या शाईत. तुरटी लावली नाही. शब्दाच्या डोक्यावर, रेघेच्या वर, चार बाजूंनी बारीक टाके घातले. तुझ्या चेहऱ्याची जागा पांढरीच आहे. फोटो माझ्याकडे आहे, पुन्हा छापता येईल, पण तो रंगीत आहे, आणि मी आता वाकळ रोज गरम पाण्यात धुते.

आबांची उजवी मूठ हल्ली उघडत नाही. मिराबाई परवा येऊन गेल्या, सुई-दोरा घ्यायला. त्यांनी थोडा वेळ ती मूठ चोळली. डॉक्टर अजून सांगता येत नाही म्हणतात. तू येशील का, असं मिराबाईंनी मला विचारलं, आणि मीही सांगता येत नाही म्हटलं. दुसरे शब्द मला सुचले नाहीत.

आज दुपारी आबांचा डोळा लागल्यावर मी भागवतची वायर पुसली, नीट गुंडाळली, दोऱ्यानं बांधली आणि त्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, त्याचा फोटो काढून होईपर्यंत बाकावर बसले. मग वायर काउंटरवर ठेवली.

"अहो ताई, असू द्या ना," भागवत म्हणाला. "कुठं घाई व्हती?"

"घरची आली," मी म्हटलं.

त्यानं वायर उचलून मागच्या खिळ्याला अडकवली. मग विचारलं, "तब्येत बरी हाय ना?" या वेळी एकट्या माझीच.

ताई